मुलांना खेळणी देताना

वाढदिवस, नामकरण, परीक्षेतील यश, गावाहून आलेले मामा किंवा आत्या, संस्थेचा बक्षीस समारंभ अशा अनेक निमित्तांनी आपल्या घरातील लहान मुलांच्या हाती खेळणी येतात. देणारा प्रेमाने देतो, मूल आनंदाने घेते आणि आठ-पंधरा दिवसांनी तेच खेळणे चाक निखळलेल्या अवस्थेत कॉटखाली सापडते. मग आपण म्हणतो, "हल्लीची मुले काही टिकवतच नाहीत." वास्तविक पाहता यात मुलाचा दोष क्वचितच असतो. ते खेळणे टिकावे म्हणून बनवलेलेच नसते, आणि टिकले तरी त्याच्याशी करण्यासारखे मुलाजवळ फारसे काही उरलेले नसते.

सेलवर चालणारी मोटारच घ्या. बटण दाबले की ती स्वतः धावते, स्वतः दिवे लावते, स्वतःच गाणे म्हणते. मग मुलाने काय करायचे? बटण दाबायचे आणि बघत बसायचे. दहा-वीस वेळा हे झाले की त्यातील नवल संपते आणि मूल ती मोटार उघडून आत काय आहे ते पाहू लागते. खरे म्हणजे त्या खेळण्याशी ते प्रथमच खेळत असते, आणि नेमका तेव्हाच त्याला धपाटा बसतो! याउलट साधे लाकडी ठोकळे स्वतः काहीच करत नाहीत. त्यामुळे सगळे काम मुलालाच करावे लागते. आज त्याचे घर होते, उद्या पूल होतो, परवा आगगाडी होते. वय वाढते तसा खेळ बदलतो, ठोकळे मात्र तेच राहतात. तेव्हा भेट निवडताना 'हे खेळणे काय काय करते?' असे दुकानदाराला विचारण्याऐवजी 'याच्याशी मूल काय काय करू शकेल?' असे आपणच आपल्याला विचारले, तर निवड पुष्कळ सोपी होते.

अशी खेळणी मुख्यत्वे दोन प्रकारची असतात. एक, ज्यांतून मूल काहीतरी रचते, जोडते, उभे करते. दुसरी, ज्यांतून मूल स्वतः कोणीतरी होते. आई होते, दुकानदार होते, एस.टी.चा कंडक्टर होते. या दोन प्रकारांविषयीच येथे लिहावयाचे आहे.

हे दोन्ही खेळ फार जुने आहेत. मज्झिमनिकायातील महातण्हासंखय सुत्तात मूल कसे वाढते याचे वर्णन आहे. त्यात लहान मुलांच्या खेळण्यांची यादीच दिली आहे. त्या यादीत लहानसा नांगर आहे, पानांचे केलेले माप आहे, लहान रथ आहे, भिरभिरे आहे, लहान धनुष्य आहे आणि आपल्या विटीदांडूसारखा एक खेळही आहे. नांगर आणि माप यांचा अर्थ उघड आहे. शेतकऱ्याचे मूल शेतकरी होऊन खेळत होते आणि धान्य मोजणाऱ्याचे मूल धान्य मोजत होते. संयुत्तनिकायातील राधसंयुत्तात तर धुळीची घरे बांधून खेळणारी मुले आहेत, आणि तेथे कुमार व कुमारिका या दोघांचाही उल्लेख आहे. तेथे दृष्टांत तृष्णेचा आहे, तो विषय वेगळा. परंतु घर बांधणे आणि मन भरले की हातापायांनी ते विस्कटून टाकणे हा मुलांचा स्वभाव त्या काळीही असाच होता हे त्यावरून कळते. मुलाने तासभर खपून रचलेला मनोरा एका लाथेने पाडला म्हणून त्याला 'विध्वंसक' ठरवणाऱ्या पालकांनी हे ध्यानात ठेवावे. पाडणे हा रचण्याचाच भाग आहे. पाडल्याशिवाय दुसरे घर कोठून उभे राहणार?

आता एका नाजूक मुद्द्याकडे वळते. आपल्या समाजातील पुष्कळ घरांत शिक्षणाने प्रवेश केला तो आजोबांच्या किंवा वडिलांच्या पिढीत, आणि तोही अतोनात कष्टांनी. त्यामुळे अभ्यासाला आपल्याकडे जे मोल आहे ते रास्तच आहे. परंतु त्याचा एक परिणाम असा झाला की खेळणे म्हणजे वेळ घालवणे आणि खेळण्यांवर खर्च म्हणजे उधळपट्टी, असे अनेक पालकांना मनापासून वाटते. मग चार वर्षांच्या मुलालाही भेट मिळते ती एबीसीडीचा तक्ता, पाढे म्हणणारे यंत्र किंवा कंपासपेटी. देणाऱ्याचा हेतू उत्तम असतो, पण वय चुकते. सहा-सात वर्षांपर्यंतच्या मुलाची शिकण्याची रीतच मुळी हाताने करून पाहण्याची असते. पाढे म्हणणाऱ्या यंत्राकडून ते 'बे दुणे चार' हे शब्द पाठ करील, परंतु दोन लहान ठोकळे मिळून एक मोठा होतो हे त्याने स्वतः रचून पाहिले असेल तर पुढे शाळेत अपूर्णांक आले तेव्हा ते त्याला परके वाटणार नाहीत. म्हणून आमच्यासारख्या नोकरदारांच्या तुटपुंज्या बजेटात जे बसवायचे ते विचारपूर्वक बसवावे, पण खेळण्यांचे कलमच खोडून टाकू नये.

ठोकळ्यांतले गणित

खेळण्याला 'भेट' हे नाव एका शिक्षणतज्ज्ञानेच दिलेले आहे. जर्मनीतील फ्रेडरिक फ्रोबेल (१७८२–१८५२) यांनी १८३७ मध्ये बाड ब्लांकेनबुर्ग या गावी लहान मुलांसाठी संस्था काढली आणि १८४० मध्ये तिला 'किंडरगार्टन' म्हणजे मुलांची बाग असे नाव दिले. त्यांनी मुलांसाठी खेळण्यांचे क्रमवार संच तयार केले आणि त्यांना 'देणग्या' किंवा 'भेटी' असेच म्हटले. त्यांची तिसरी भेट म्हणजे दोन इंची लाकडी घन, आणि तो उघडला की एकेक इंचाचे आठ घन. एवढेच! पण त्या आठांतून खुर्ची होते, जिना होतो, नक्षी होते, आणि अर्धा-पाव ही कल्पना डोळ्यांना दिसते. अमेरिकेचे विख्यात वास्तुशिल्पी फ्रँक लॉइड राइट यांच्या आईने १८७६ च्या फिलाडेल्फिया येथील प्रदर्शनात हे ठोकळे पाहिले आणि मुलासाठी आणले. आपल्या हातांना आकारांची ओळख त्या ठोकळ्यांनी करून दिली, असे राइट यांनी म्हातारपणीही आवर्जून सांगितले आहे. (ठोकळे दिले की प्रत्येक मूल इमारती बांधणारा मोठा माणूस होईल, असा याचा अर्थ कृपया कोणी काढू नये.)

पुढे न्यूयॉर्कमध्ये कॅरोलिन प्रॅट या शिक्षिकेने याहून मोठे, जमिनीवर बसून खेळण्याचे ठोकळे तयार केले. त्यांनी १९१४ मध्ये स्वतःची शाळा काढली. त्यांच्या ठोकळ्यांचे माप सर्व जगात रूढ झाले आहे, आणि ते आपल्या वाचकांना उपयोगी पडेल म्हणून येथे देते. मूळ ठोकळा साडेपाच इंच लांब, पावणेतीन इंच रुंद आणि एक इंच व तीन अष्टमांश जाड. म्हणजे जाडीच्या दुप्पट रुंदी आणि रुंदीच्या दुप्पट लांबी. याचा अर्धा ठोकळा पावणेतीन इंच लांब, दुप्पट ठोकळा अकरा इंच आणि चौपट ठोकळा बावीस इंच लांब. सगळी गंमत या प्रमाणात आहे. भिंत बांधताना एके ठिकाणी लांब ठोकळा संपला तर मूल दोन लहान लावून जागा भरून काढते, आणि ते बरोबर बसतात. हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही.

असे ठोकळे दुकानात मिळतात, पण ते महाग पडतात. आपल्या ओळखीच्या सुताराकडून फर्निचरच्या कामातील सागवानाचे उरलेले तुकडे वापरून ते करून घेता येतात. मात्र दोन गोष्टी त्याला निक्षून सांगाव्यात. लाकूड वाळलेले असावे, नाहीतर पुढे ते आक्रसते आणि मापे बिघडतात. आणि माप अचूक असावे. एकेक सूत फरक पडला तरी दहाव्या ठोकळ्याला मनोरा कलतो आणि मुलाला वाटते की चूक आपलीच आहे. कडा व कोपरे पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत करावेत. रंग लावण्याची काही गरज नाही. प्लायवुडचे तुकडे मात्र चालत नाहीत, कारण त्यांच्या कडांच्या ढलप्या निघून हातात शिरतात.

ठोकळे देताना आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी, ती म्हणजे संख्या. आठ-दहा ठोकळ्यांचा रंगीत डबा पाहायला छान दिसतो, परंतु त्यात घराच्या दोन भिंती होतात आणि छपराला काही उरत नाही. मूल कंटाळते आणि आपण समजतो की त्याला ठोकळे आवडत नाहीत. एका मुलाला मनासारखे खेळायला साधे पन्नास-साठ ठोकळे तरी हवेत. एकदम एवढे देणे शक्य नसेल तर दर वाढदिवसाला त्याच मापाचे थोडे थोडे वाढवत जावे. बँकेच्या भाषेत सांगायचे तर ही आवर्ती ठेव आहे. मुद्दल वाढत जाते आणि आधीचे काही बुडत नाही.

एकमेकांत बसणाऱ्या प्लास्टिकच्या विटांचेही हेच. डेन्मार्कमधील बिलुंड गावचे सुतार ओले कर्क क्रिस्टियान्सेन यांनी १९३२ मध्ये लाकडी खेळणी करायला सुरुवात केली. 'छान खेळ' या अर्थाच्या डॅनिश शब्दांवरून त्यांच्या कंपनीचे नाव लेगो पडले. आज आपण पाहतो त्या विटेच्या जोडणीचे पेटंट २८ जानेवारी १९५८ रोजी नोंदवले गेले, आणि त्या वर्षीची वीट आजच्या विटेत घट्ट बसते. आठ टोकांच्या, एकाच रंगाच्या दोन विटा २४ प्रकारे जोडता येतात, तीन विटा १,०६० प्रकारे, आणि सहा विटा तब्बल ९१,५१,०३,७६५ प्रकारे! मोठ्या विद्यार्थ्यांनी पहिला २४ चा आकडा स्वतः काढून पाहावा. या विटा महाग असतात हे खरे. स्वस्त नकला घेताना दोन विटा जोडून व सोडवून पाहाव्यात. लहान मुलाच्या बोटांनी त्या सुटायला हव्यात, पण उचलल्यावर आपोआप गळून पडू नयेत. तसेच 'एकच चित्र, एकच मोटार' असा संच घेण्यापेक्षा सुट्या साध्या विटांचा डबा घ्यावा. एका चित्राचा संच एकदा जोडून झाला की पुष्कळदा शोकेसमध्ये जातो.

आठ-नऊ वर्षांपुढच्या मुलांना मेकॅनोसारखा पट्ट्या व नट-बोल्टांचा संच फार आवडतो. लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी यांनी १९०१ मध्ये त्याचे पेटंट घेतले. भोके पाडलेल्या धातूच्या पट्ट्या जोडून क्रेन, पूल, गाड्या करायच्या. पण ज्यांना तेवढा खर्च परवडत नाही त्यांनी निराश होण्याचे कारण नाही. आयआयटी कानपूरमधून अभियंता झालेले आणि पुढे पुण्याच्या आयुका संस्थेत मुलांसाठी अनेक वर्षे काम केलेले अरविंद गुप्ता (पद्मश्री, २०१८) यांनी हाच खेळ आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्वची नळी यांवर आणून ठेवला. काडीवरचे गूळ खरवडून काढायचे, नळीचे बारीक तुकडे करायचे आणि तुकड्याच्या दोन बाजूंनी काड्या खोचायच्या. चार काड्यांचा चौकोन केला तर तो बोटाने ढकलताच लवंडतो, तीन काड्यांचा त्रिकोण मात्र हलत नाही. पुलांच्या आणि विजेच्या मनोऱ्यांच्या सांगाड्यात सगळीकडे त्रिकोण का असतात, याचे उत्तर मुलाच्या हातात येते. सायकलच्या दुकानात ही नळी अगदी थोड्या पैशांत मिळते. नळी कापण्याचे काम तेवढे मोठ्यांनी करावे.

'मी डॉक्टर, तू पेशंट'

दीड-दोन वर्षांचे मूल रिकामा कप तोंडाला लावून चहा पिण्याचे नाटक करते आणि आपल्याकडे पाहून हसते. कप रिकामा आहे हे त्याला पक्के ठाऊक असते. एका वस्तूच्या जागी दुसरी मानणे ही मनाची मोठी झेप आहे. काठीला घोडा मानणारे मूलच पुढे कागदावरच्या रेघांना 'क' मानायला तयार होते. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह व्हिगॉट्स्की यांनी १९३३ च्या आपल्या व्याख्यानात या खेळातील आणखी एक मर्म दाखवले. अशा खेळात वरवर मोकळीक दिसली तरी नियम फार कडक असतो. जी मुलगी एरवी दोन मिनिटे स्वस्थ बसत नाही, ती 'पेशंट' झाली की पाच मिनिटे डोळे मिटून निमूट पडून राहते. कोणी दम देऊन तिला तसे बसवू शकले नसते. स्वतःवर ताबा ठेवायला मूल येथे शिकते, आणि तेही राजीखुशीने.

यासाठी आपल्याकडे भातुकलीसारखा सुंदर संच पिढ्यान्पिढ्या आहे. बोळकी, चूल, पोळपाट-लाटणे, जाते, सूप, खलबत्ता. पितळेची किंवा लाकडाची भातुकली एका घरात दोन-तीन पिढ्या खेळलेली आपण पाहतो. हल्ली तिच्या जागी प्लास्टिकचा 'किचन सेट' आला आहे. त्यात वाजणारा गॅस असतो, पण पातेल्यात खरे चुरमुरे घातले तर हातात येईल एवढी खोली नसते. माझे स्पष्ट मत असे की घरातील जुनी लहान वाटी, चमचा, गाळणी आणि मूठभर शेंगदाणे दिले तर कित्येक सेटपेक्षा मूल अधिक वेळ रमते.

भातुकली मुलीला आणि ठोकळे-मोटार मुलाला, ही वाटणी मात्र आपण आता मोडली पाहिजे. समतेच्या गोष्टी आपण व्यासपीठावरून बोलतो आणि तीन वर्षांच्या मुलीच्या वाढदिवसाला न चुकता बाहुली नेतो. मुलीने पूल बांधून पाहिला नाही तर आपण इंजिनिअर होऊ शकू असे तिला सुचणार कसे? आणि मुलाने खेळातही कधी भाकरी थापली नाही, पाळण्यातल्या बाळाला थोपटले नाही, तर मोठेपणी ही कामे आपली आहेत असे त्याला का वाटावे? मुले स्वतः असा भेद करत नाहीत. आमच्या इमारतीतील एक पाच वर्षांचा मुलगा उत्कृष्ट चहा करतो, अर्थात रिकाम्या किटलीतून. त्याला चिडवणारी माणसे सगळी मोठी असतात.

या प्रकारच्या भेटीला पैसे फारसे लागत नाहीत, कल्पकता लागते. एका पिशवीत तराजू, काही डबे, जुनी नाणी आणि कागदाच्या पुड्या घातल्या की दुकान झाले. जुनी साडी व चार चिमटे दिले की घर झाले. वापरून बाद झालेले कोरे फॉर्म, एक शाईचे पॅड आणि जुना शिक्का दिला की बँक होते, आणि त्या बँकेत रांग कशी लावतात, कॅशियर कसा वसकन् अंगावर येतो हेही मुले हुबेहूब करून दाखवतात! आमची प्रतिमा काय आहे ते आम्हाला तेथे कळते. दवाखान्याच्या खेळाचा तर एक विशेष उपयोग आहे. सुईची भीती बसलेले मूल बाहुलीला दहा वेळा सुई टोचते, तिची समजूत काढते आणि स्वतःची भीती हळूहळू हलकी करते.

महाराष्ट्रात बालशिक्षणाचा पाया घालणाऱ्या ताराबाई मोडक यांनी हे फार पूर्वी ओळखले होते. १९२६ साली सुरू झालेल्या नूतन बालशिक्षण संघाचे काम १९४५ मध्ये त्यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे खेड्यात नेले आणि १९५७ मध्ये कोसबाडच्या टेकडीवर. बोर्डीपासून अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या. आदिवासी पाड्यांवरची मुले शाळेत येईनात, म्हणून शाळाच त्यांच्या अंगणात नेली, आणि 'अंगणवाडी' हा आज देशभर पोचलेला शब्द तेथून आला. महागड्या साधनांऐवजी शिंपले, खडे, बिया, पाने, फुले हीच त्यांनी साधने केली.

टिकाऊ आणि निर्धोक

लाकडी खेळण्यांसाठी आपल्याला लांब जावे लागत नाही. सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडी भातुकली, भाज्या-फळे, पोळपाट-लाटणे पिढ्यान्पिढ्या होत आले आहेत. पूर्वी त्यासाठी हलके पांगाऱ्याचे लाकूड वापरत. बंगळूर-म्हैसूर रस्त्यावरील चन्नपट्टण येथे लेथवर फिरवून लाखेचा रंग दिलेली खेळणी होतात, त्यांना भौगोलिक मानांकनही आहे. ही खेळणी हातातून पडली तर टवका उडेल, पण धारदार तुकडे होत नाहीत. मात्र पाण्यात भिजत ठेवू नयेत, ओल्या फडक्याने पुसावीत.

कारखान्यात बनलेल्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह पाहूनच घ्यावे. केंद्र सरकारच्या २०२० च्या आदेशानुसार १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना ते बंधनकारक झाले आहे. नोंदणीकृत हस्तकला कारागिरांच्या आणि भौगोलिक मानांकन असलेल्या खेळण्यांना त्यातून सूट आहे; तेव्हा तेथे परीक्षा आपणच करावी. कडेवरून बोट फिरवावे, ओले फडके घासून रंग सुटतो का पाहावे. घरी उरलेला जुना ऑईल पेंट खेळण्यांना मुळीच देऊ नये. जुन्या रंगांत शिसे असते आणि ते मुलाच्या मेंदूला अपाय करते.

तीन वर्षांखालील मूल सर्व काही तोंडात घालते. सव्वा इंच व्यासाच्या नळीत मावेल असा कोणताही तुकडा त्याच्या घशात अडकू शकतो, म्हणून एवढ्या वयात मोठेच ठोकळे द्यावेत. घरात मोठ्या भावाच्या विटा असतील तर त्या उंचावर ठेवाव्यात. याहून गंभीर म्हणजे बटणासारखे चपटे सेल. असा सेल गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही आतून भाजते. असे घडल्यास ओकारी काढण्याचा खटाटोप न करता तडक रुग्णालय गाठावे. चपट्या सेलचे झाकण स्क्रूने बंद होत नसेल तर ते खेळणे घेऊच नये. बारीक पण जोरदार लोहचुंबकांचे खडेही तसेच घातक. दोन खडे पोटात गेले तर आतड्याच्या दोन बाजूंनी एकमेकांना चिकटतात.

वाढदिवसाला चार नातेवाइकांनी चार किरकोळ वस्तू आणण्यापेक्षा आधी बोलून एकच चांगला संच घ्यावा. सोबत खोका न देता जाड कापडाची नाडीची पिशवी किंवा पत्र्याचा डबा द्यावा, कारण पुठ्ठ्याचा खोका महिन्यात फाटतो आणि तुकडे हरवू लागतात. झाकणाच्या आतल्या बाजूस एकूण नग किती ते लिहून ठेवावे. आवरताना मूल ते मोजते, आणि पुढे धाकट्याला किंवा शेजारच्या बालवाडीला संच देताना काय दिले, किती दिले, हेही कळते.